दानूची उपकारस्तुती

मी वाचले, ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट, असं मला लहानपणापासून सांगण्यात आलं; आणि नेमकी तीच मला आठवत नाही. आठवतं ते मी वाचले म्हणून दरवर्षी होणारं जेवण. नाताळच्या तयारीला लागायच्या जरा आधी, हवेत गारवा आला की आमच्या घरी उपकारस्तुती असे. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्हा ख्रिस्ती लोकांत कुणी दुखण्यातून उठलं, कुणाला नोकरी लागली, कुणी अपघातातून बचावलं, की पाळकांना आणि मंडळीतल्या लोकांना घरी बोलावतात, गाणी म्हणतात, प्रार्थना करतात, देवाचे उपकार मानतात, आणि मग सगळ्यांना पोटभर जेवू घालतात. बहुतेक लोक एकदा करून मोकळे होतात. माझ्या आईनं ती माझ्यासाठी दरवर्षी लावून धरली होती. मी जिवंत आहे तोवर ती करायची, असा तिचा नेम होता, आणि मी तर काही मरायचं नाव घेत नव्हते.

आम्ही सोलापुरातल्या मिशन कंपाऊंडात राहायचो. बैठ्या घरांच्या समोरासमोर दोन रांगा, मध्ये कडुलिंबाची झाडं, एका टोकाला चर्च, दुसऱ्या टोकाला भिंतीपलीकडे दवाखाना. माझे वडील त्या दवाखान्यात कंपाऊंडर होते आणि आई कंपाऊंडातल्याच शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायची. मागच्या भिंतीपलीकडे विणकरांची वस्ती होती. तिकडचे माग पहाटेपासून खडखडायला लागायचे, त्यात बायकांची तेलुगूतली भांडणं मिसळायची, आणि वर गिरणीचा भोंगा. आमच्या घरात घड्याळ होतं, पण आई भोंग्यावरच भाकऱ्या थापायला बसायची. मार्च लागला की अंगण इतकं तापायचं, की अनवाणी चालताना आम्ही पोरं टाचांवर नाचत एका झाडाच्या सावलीतून दुसऱ्या झाडाच्या सावलीत जायचो. हल्ली मी चौथ्या मजल्यावर फॅनखाली बसून हे लिहिते, तरी त्या अंगणाचा चटका तळपायाला आठवतो. आजाराचं मात्र काहीच आठवत नाही. मी चार-पाच वर्षांची असताना मला घटसर्प झाला. घसा बंद झाला, श्वास अडकायला लागला, डॉक्टरांनी मान हलवली, आणि मग मी वाचले. हे सगळं मला आईच्या साक्षीतून पाठ आहे.

साक्ष द्यायची एक रीत असते. आधी आपलं गतजीवन सांगायचं आणि मग देवाची दया. गतजीवन जितकं काळं, तितकी दया उजळ दिसते, त्यामुळं ज्यांनी दारू प्यायली, बायकोला मारलं, जुगारात घरातली भांडी घालवली, त्यांच्या साक्षी ऐकायला चर्चमध्ये गर्दी व्हायची. माझ्या आईची पंचाईत अशी, की तिनं आयुष्यात तसलं काही केलेलंच नव्हतं. माझे आजोबा वैरागकडच्या एका खेड्यात शाळा चालवायचे आणि रविवारी उपदेश करायचे. त्यांच्या धाकात वाढलेली मुलगी पाप करून करून किती करणार? ट्रेनिंग कॉलेजात असताना डोकं दुखतंय असं सांगून ती दोनदा मॅटिनीला गेली होती, तिला मोगऱ्याच्या गजऱ्याची हौस होती, आणि चर्चमध्ये ती दुसऱ्यांच्या साड्या बघायची. एवढ्याशा भांडवलावर तिला गतजीवन उभं करायचं होतं. पण ती जिद्दीची बाई. दरवर्षी तिचं गतजीवन थोडं थोडं अधिक काळं होत गेलं. त्या दोन मॅटिनीचं पुढं 'मी सिनेमाच्या नादी लागले होते' असं झालं, आणि गजऱ्याचं 'देहाच्या मोहात बुडाले होते'. वडील खाली मान घालून हसू दाबायचे. मला तेव्हा ते सगळं खरंच वाटायचं आणि आईविषयी एक चोरटा आदर वाटायचा.

चर्चमधले बाक उचलून आमच्या घरी आणलेले असायचे. बायका सतरंजीवर, पुरुष बाकांवर, कोपऱ्यात पेटी आणि ढोलकी. मी नवा फ्रॉक घालून स्टुलावर उभी. आई एक हात माझ्या खांद्यावर ठेवून बोलायची, म्हणजे लोकांना ऐकता ऐकता पुरावाही बघता यायचा. डॉक्टरांनी मान हलवल्याशी आली की तिचा आवाज खाली यायचा, आणि मग ते वाक्य यायचं: "त्याच आठवड्यात शेजारच्या घरातला दिवा विझला, पण माझा दिवा त्यानं तेवता ठेवला." इथं बायका डोळ्यांना पदर लावायच्या. मीही रडायचे, का ते कळत नसताना.

शेजारच्या घरातला दिवा म्हणजे दानू. सुंदरामावशीचा मुलगा, दानिएल. माझ्याहून वर्षभरानं मोठा. त्यालाही त्याच वेळी घटसर्प झाला होता. दवाखान्यात आमच्या खाटा शेजारीशेजारी होत्या. मंडळी आम्हा दोघांसाठी एकाच वेळी गुडघे टेकून प्रार्थना करत होती. तो गेला आणि मी राहिले. सुंदरामावशी त्याच दवाखान्यात आया होती, मैंदर्गीकडची, उंच, हाडापेरानं मजबूत. घाईत असली की कानडीत बोलायची आणि मग स्वतःच मराठीत उल्था करून सांगायची. तिचा नवरा ट्रकवर असायचा, कधीमधी उगवायचा. दानूनंतर तिला मूल झालं नाही. आणि आमच्या उपकारस्तुतीची हुग्गी तीच करायची. हुग्गी म्हणजे कांडलेल्या गव्हाची गुळातली खीर. वर खोबरं, खसखस आणि सुंठ. मोठ्या पातेल्यात ती तासन् तास रटरटत असते आणि सतत ढवळावी लागते, नाहीतर बुडाला लागते. मावशीला कुणी सांगायला जात नसे. त्या दिवशी दिवस उजाडताच ती यायची, पदर खोचायची आणि चुलीपुढं बसायची. बाहेर गाणी सुरू झाली, आईची साक्ष सुरू झाली, तरी ती आत. मधल्या दाराला नुसता पडदा होता. दिव्याचं वाक्य तिला दरवर्षी ऐकू जात असणार. मला वाटायचं, हुग्गी लागेल म्हणून ती बाहेर येत नाही. बरीच वर्षं मी खुशाल तसं समजत होते.

दानूचं नाव कंपाऊंडात कुणी घेत नसे. तिच्या जखमेवर कशाला बोट ठेवायचं, असं सगळ्यांचं म्हणणं. त्याच्याबरोबर गोट्या खेळलेली पोरंसुद्धा त्याचं नाव निघालं की एकमेकांकडं बघायची आणि विषय बदलायची. आईच्या साक्षीत तो असायचा, पण तिथंही दिवा म्हणूनच.

माझा गोंधळ सुरू झाला तो दृढीकरणाच्या, म्हणजे मंडळीत पक्कं सामील होण्याआधीच्या शिकवणीच्या वर्गात. मी तेव्हा नववीत होते. पाळकसाहेब नवे आले होते, तरुण होते, आम्हाला बाळ म्हणायचे. प्रत्येकानं आपली स्वतःची साक्ष तयार करून आणायची, असं त्यांनी सांगितलं. माझ्याकडं गतजीवन नव्हतं, आणि जी दया झाली होती ती मला आठवत नव्हती. पाटीसमोर बसावं आणि एक अक्षर सुचू नये तसं झालं. विचार करता करता पहिल्यांदाच माझ्या डोक्यात आलं, की देवानं मला वाचवलं म्हणजे त्यानं तिथं येऊन मला बघितलं असणार. मग शेजारच्या खाटेकडं त्यानं बघितलं नसेल का? दुसऱ्या दिवशी मी पाळकसाहेबांना विचारलं, "दानू वाईट होता का?" त्यांना दानू कोण ते माहीत नव्हतं. मी सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "तसं नसतं, बाळ," एवढंच ते म्हणाले. कसं असतं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आता वाटतं, नाही सांगितलं ते बरं केलं.

त्या वर्षीची उपकारस्तुती नेहमीसारखीच सुरू झाली. मी आता स्टुलावर उभी राहायच्या वयाची नव्हते, आईशेजारी नुसती उभी होते आणि लाजेनं अर्धी झाले होते. हुग्गी लवकर झाली होती. मावशीनं पातेलं निखाऱ्यावरून उतरवून ठेवलं होतं. आईनं साक्ष सुरू केली, सिनेमाच्या नादाशी आली, आणि तेवढ्यात पडदा सरकला. मावशी बाहेर आली, हात पदराला पुसत बायकांमधून वाट काढत अगदी पुढं आली आणि आईच्या समोर मांडी घालून बसली. आईनं तिच्याकडं बघितलं. पुढं बोलू लागली. डॉक्टरांनी मान हलवली. आवाज खाली आला. "त्याच आठवड्यात," आई म्हणाली, आणि थांबली. पेटीवाल्याला वाटलं साक्ष संपली, त्यानं सूर धरला, मग सोडला. आई दोनदा घसा खाकरून म्हणाली, "प्रभूचे उपकार," आणि खाली बसली. इतकी छोटी साक्ष तिनं कधीच दिली नव्हती.

पाळकसाहेबांनी रिवाजाप्रमाणं विचारलं, आणखी कुणाला काही सांगायचंय का. असं विचारतात, पण कुणी उठत नाही. लोकांचं लक्ष आतल्या वासाकडं लागलेलं असतं. सुंदरामावशी उठली.

"मला बी उपकारस्तुती ठिवायची हाय," ती म्हणाली. "येत्या शुक्रवारी. माज्या अंगणात. माज्या दानूची. समद्यांनी या."

आणि ती आत जाऊन पानं वाढायला लागली. त्या दिवशी मी कधी नव्हे इतक्या शांततेत लोकांना जेवताना बघितलं.

पुढचा आठवडा कंपाऊंडात दुसरा विषय नव्हता. नळावर, चर्चच्या पायरीवर, दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळीकडं तेच. गेलेल्या लेकराची उपकारस्तुती कशी करायची? उपकार कशाचे मानायचे? कुणी म्हणालं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. कुणी म्हणालं, ती स्मरणोपासना म्हणत असेल, तिला शब्द माहीत नसेल. पाळकसाहेब स्वतः तिच्याकडं गेले. मी आमच्या ओट्यावर ज्वारी निवडत बसले होते, मला सगळं ऐकू आलं. ते म्हणाले, "सुंदराबाई, आपण स्मरणोपासना करू. तीच योग्य."

"न्हाय साहेब. त्याचं स्मरण मी रोज करते, त्याला मंडळी कशाला पायजे? मला उपकारस्तुतीच पायजे."

"पण तो तर..."

"व्हय. मेलाय. मला ठाव हाय, साहेब."

पाळकसाहेब परत जाताना आमच्या अंगणातून न जाता लांबच्या वाटेनं गेले.

सगळ्यांत जास्त आई दुखावली. तिनं ते कुणाजवळ बोलून दाखवलं नाही, पण भाकरी थापताना परातीचा आवाजच वेगळा यायचा. गुरुवारी जेवताना ती वडिलांना म्हणाली, "अहो, तिला माझी साक्ष खोटी पाडायचीय. इतकी वर्षं माझ्या चुलीशी बसली आणि मनात हे होतं."

वडील कमी बोलणारे. ते पाणी प्यायले आणि म्हणाले, "शांता, दोघांना एकच इंजेक्शन दिलं होतं. एकाच वेळी. मीच दिलं. आधी त्याला, मग हिला."

"म्हणून काय देवानं काही केलंच नाही म्हणायचं?"

"मी कुठं तसं म्हणतोय. मला कळत नाही, एवढंच म्हणतोय. मला तेव्हापण कळलं नाही."

आई माझ्याकडं बघून म्हणाली, "तू जेव." मी जेवले. माझे वडील रोज संध्याकाळी प्रार्थना करणारे, रविवार न चुकवणारे गृहस्थ. त्यांना कळत नाही हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की मी दचकले. आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. या घरात न कळणारी मी एकटी नव्हते.

इथं जरा थांबून आजचं सांगते. मागच्या महिन्यात माझ्या छातीत दोन स्टेंट बसवले. पुण्याहून मुलगा-सून धावत आले, आठवडाभर राहिले, आणि आता सुनेनं ठरवलंय की उपकारस्तुती करायची. हॉल बघितलाय, केटरर ठरलाय, व्हॉट्सॲपवर आमंत्रण फिरलंय. त्यात माझा फोटो आहे, कुणाच्या तरी लग्नातला, त्यातून नवरीला कापून टाकलंय. "आई, साक्ष तुम्हीच द्यायची हं, पाच मिनिटं," असं ती रोज फोनवर बजावते. गुणाची पोर आहे, तिला नाही म्हणवत नाही. पण अतिदक्षता विभागात माझ्या शेजारच्या पलंगावर अक्कलकोटचे एक शिक्षक होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पलंग धुवून पुसून रिकामा होता. आता मी त्या हॉलमध्ये उभी राहून काय बोलू? देव माझ्याशी चांगला वागला हे मला मनापासून वाटतं. रोज वाटतं. गजराआधी जाग येते, श्वास चालू आहे हे लक्षात येतं आणि आपोआप उपकार तोंडात येतात. पण ते मोठ्यानं म्हणायची वेळ आली की माझ्या डोळ्यांपुढं शेजारचा पलंग येतो. साठ वर्षं होऊन गेली, माझी गाडी त्याच फाट्यावर उभी आहे.

तर शुक्रवार उजाडला. आई शाळेतून आली आणि डोकं दुखतंय म्हणून पडून राहिली. वडील म्हणाले, "मॅटिनीला दुखायचं, तेच का?" आई भिंतीकडं तोंड करून झोपली. वडिलांनी आमच्या दोन्ही खुर्च्या उचलल्या, मला सतरंजी घ्यायला लावली आणि आम्ही मावशीच्या अंगणात गेलो. लिंबाखाली तिनं सडा घातला होता, रांगोळीसुद्धा काढली होती. ती स्वतः ठेवणीतलं हिरवं इरकल नेसली होती. उजेड होता अजून. कुणी येतंय की नाही, असं वाटत होतं. मग चर्चची घंटा वाजवणारे याकोबकाका आले. मग दोन नर्सबाई. मग एकेक करत बरेच आले, पण बसले सगळे मागं मागं, पुढची सतरंजी रिकामी ठेवून.

पाळकसाहेब आले तेव्हा त्यांच्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, दोन फिती घातलेल्या मी बघितल्या. एक मयताचा शास्त्रपाठ आणि एक आनंदाचा. कुठला वाचायचा ते त्यांनी ऐन वेळेवर सोडलं असावं. पेटीवाल्यानं विचारलं, कुठलं गीत? कुणी उत्तर देईना, म्हणून त्यानं आपल्या मनानं मयताला म्हणतात ते संथ गाणं सुरू केलं. मावशी म्हणाली, "ते नगं. वाडदिवसाला म्हनतात ते म्हना." मग लोक वाढदिवसाचं गाणं म्हणायला लागले, पण मयताच्या चालीत सुरू झालेलं तोंड लवकर वळेना. अर्धी मंडळी एका लयीत, अर्धी दुसऱ्या. ढोलकीवाल्यानं शेवटी हात काढून घेतला. मला हसू यायला लागलं आणि रडूही, आणि मी वडिलांचा सदरा घट्ट धरून ठेवला.

मग मावशी साक्षीला उभी राहिली. मी तिला कधी चारचौघांत बोलताना बघितलं नव्हतं.

"मला मोटं बोलाया येत न्हाय," ती म्हणाली. "लगीन झाल्यावर लई वर्सं मला मूल न्हवतं. सासरी मैंदर्गीला मला पाण्याला बी शिवू देत न्हवते सणाला. मग दानू झाला. त्यो झाला तवाच उपकारस्तुती करायची हुती. मालक म्हनले, जरा थांब, ट्रकचं काम नीट बसू दे. मग म्हनले पुडल्या वर्सी. अशी ऱ्हायली. आन मग त्यो गेला. त्यो गेला तवा तुमी समदे आला, माज्यासंगं रडला. पर त्यो आला हुता त्याचे उपकार मी मानलेच न्हाईत. ते ऱ्हायलंय. आज मानते. एवढंच."

ती खाली बसली. कुणी आमेन म्हटलं नाही, कुठं म्हणायचं ते कुणाला कळलं नाही. पाळकसाहेबांचं बोट एका फितीवरून दुसऱ्या फितीवर गेलं. तेवढ्यात मावशी बसल्या जागेवरून म्हणाली, "आता एस्तूनं सांगावं. ती त्याच्यासंगं खेळायची."

एस्तू म्हणजे मी. सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. आजवर मी या लोकांपुढं नुसती उभी राहिले होते, बोलायचं काम आईचं. दानूचं मला काय आठवत होतं? मी खूप शोधलं. त्याचा चेहरा आठवेना. शेवटी एकच गोष्ट हाताला लागली, ओट्याची पायरी, माझा दंड, आणि दंडावर उमटलेलं दातांचं कडं.

"तो मला चावायचा," मी म्हणाले.

वडिलांनी माझ्याकडं चमकून बघितलं. आणि सुंदरामावशी हसली. मोठ्यानं, तोंडाला पदर न लावता.

"व्हय गं! लई चावायचा! आन चावून परत सोताच रडायचा!"

"माझ्या कोंबड्या सोडून द्यायचा तो," मागून एक नर्सबाई म्हणाल्या. "रोज सोडायचा. मी तुला सांगितलं नाही कधी."

"घंटेची दोरी तोडली त्यानं," याकोबकाका म्हणाले. "लोंबकळला हुता. मी त्याच्या पाठीत रट्टा घातला हुता, सुंदरा. कडक घातला हुता."

"बरं केलं," मावशी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "आनिक सांगा."

आणि लोक सांगायला लागले. कुणाच्या पेरूच्या झाडाच्या फांद्या मोडल्या, कुणाच्या सायकलीची हवा सोडली, नाताळच्या नाटकात मेंढरू झाला असताना मध्येच उठून घरी गेला. सरकत सरकत सगळे पुढच्या सतरंजीवर आले. इतकी वर्षं तोंडात दाबून ठेवलेलं ते पोर एका संध्याकाळी सगळ्या कंपाऊंडभर हुंदडून गेलं. पाळकसाहेबांनी त्याला कधी बघितलेलं नव्हतं. ते एखाद्या लहान मुलासारखे एकाकडून दुसऱ्याकडं बघत ऐकत होते. शास्त्र त्यांनी मिटून मांडीवर ठेवलं होतं.

आई कधी आली ते मला कळलं नाही. लिंबाच्या बुंध्याशी उभी होती, शाळेच्याच साडीत, केस विस्कटलेले. सगळे गप्प झाले तेव्हा ती बोलली. उपकारस्तुतीचा आवाज नव्हता तो, घरातला होता.

"माझ्या वर्गात होता," ती म्हणाली. "गोष्ट सांगताना कुणी मरायला आलं की उठून उभा राहायचा. 'बाई, तसं नको,' म्हणायचा. मग मी शेवट बदलायचे. वाघ घरी जायचा, राक्षस झोपी जायचा. प्रत्येक वेळी बदलायचे." ती थांबली. "सुंदरा, मी येणार नव्हते."

"ठाव हाय मला," मावशी म्हणाली. "बसा बाई. हितं बसा."

आई तिच्या शेजारी बसली. त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या नाहीत. मावशीनं फक्त आपल्या मांडीवरचा पदर सरकवून तिला जागा केली.

यातून माझा गोंधळ मिटला असं म्हणायला मला आवडलं असतं. तो मिटला नाही, वाढलाच. माझ्यावर दया झाली असेल तर दानूवर काय झालं? आणि ज्या बाईला दया मिळालीच नाही असं आम्ही समजत होतो, ती उपकार मानते, आणि जिला मिळाली ती लिंबाआड उभी राहते, हे कसं? पुढच्या वर्षी आमच्याकडं उपकारस्तुती झाली, आईनं साक्ष दिली, पण दिव्याचं वाक्य आलं नाही. त्या जागी ती थोडा वेळ नुसती उभी राहिली आणि मग पुढं गेली. गतजीवनातला सिनेमाही परत दोन मॅटिनीवर आला. सुंदरामावशी आत हुग्गी ढवळत होती. मला वाटलं होतं, आता तरी ती बाहेर बसेल. नाही बसली.

पण त्या शुक्रवारचं एक सांगायचं राहिलं. लोक जेवून गेले होते, आई आणि वडील खुर्च्या घेऊन घराकडं निघाले होते. मावशी ओट्यावर पाय पसरून बसली होती, आणि मी तिच्याजवळ उष्ट्या पत्रावळ्या गोळा करत होते. मला विचारायचंच होतं, म्हणून विचारलं.

"मावशी, देवानं मला का ठेवलं?"

"मला काय ठाव?" ती म्हणाली. "मी बी इचारते त्याला. अजून बोलला न्हाय."

"मग तू आमच्याकडं दरवर्षी का येतेस? तुला त्रास होत नाही का?"

भिंतीपलीकडचे माग बंद झाले होते.

"पडद्याआडून तुला बघते की मी," ती म्हणाली. "वर्साला केवडी झालीस ते. तुज्याकडं बघून कळतं मला, त्यो आता केवडा झाला असता."

माझ्या हातातल्या पत्रावळ्या तशाच राहिल्या. मी सुचलं ते विचारलं.

"माझ्यापेक्षा उंच असता?"

"व्हय तर. पोरगा त्यो. माज्यावर गेलेला."

"किती?"

मावशी गुडघ्यावर हात रोवून उठली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली, डोळे बारीक करून तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि आपला हात माझ्या डोक्याच्या चार बोटं वर, हवेत, पालथा धरला.

"एवडा," ती म्हणाली.

मी ताठ उभी राहिले. तिनं तो हात खाली घेईपर्यंत मी हलले नाही.